फ्रान्सला सँ मालोच्या समुद्रकिनारी लहान मुलांना घेऊन आठवडाभर जातोय, रोज बीचवर कंटाळतील का? आजूबाजूला काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की जर्मनीतून गाडीने येताय, मुलं पाच आणि नऊ वर्षांची, जुलैमधला एक आठवडा, आणि घरात निम्मे लोक शाकाहारी. मी रेनला राहते. इथून सँ मालो ट्रेनने तासाभराच्या आत येतं, त्यामुळे उन्हाळ्यात रविवार उजाडला की आमच्या घरी पोरं बादल्या घेऊन दाराशी उभी असतात. तेव्हा जे स्वतः करतो तेच सांगते.

पहिली गोष्ट, बघायच्या ठिकाणांची यादी आत्ता बाजूला ठेवा आणि आधी भरती-ओहोटीचं टाइमटेबल हातात घ्या. खरंच. इथला सगळा दिवस समुद्र ठरवतो. मुंबईत अगदी मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं, इथे मोठ्या उधाणाला भरती आणि ओहोटी यात 12 ते 13 मीटरचा फरक पडतो, म्हणजे चार मजली बिल्डिंग सकाळी पाण्याखाली आणि दुपारी कोरडी. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या भरत्यांपैकी ही एक. टाइमटेबल टुरिस्ट ऑफिसमध्ये मिळतं, बीचवर बोर्डावरही असतं, आणि त्यात वेळेच्या बाजूला एक आकडा असतो, 20 ते 120 च्या मधला, त्याला हे लोक कोएफिसियाँ म्हणतात. 45 असेल तर भांगाची भरती, पाणी फार हलत नाही. 95-100 च्या वर गेला की उधाण, पाणी खूप वरपर्यंत येतं आणि खूप लांब जातं. अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांत आकडा सगळ्यात मोठा असतो, म्हणजे कालनिर्णय बघूनसुद्धा तुम्हाला अंदाज येईल.

आणि सँ मालोची एक गंमत, जी लहान मुलांच्या आईबापांना फार उपयोगाची आहे. उधाणाच्या दिवसांत इथे भरती सकाळी आठच्या आणि रात्री आठच्या आसपास असते आणि ओहोटी दुपारी अडीच-तीनच्या सुमारास. म्हणजे जेवण उरकून, धाकट्याची झोप काढून आरामात निघालात तरी समोरची बेटं पायी जायला मोकळी. भांगाच्या दिवसांत उलटं, भर दुपारी पाणी वर, तेव्हा पोहायला मजा. रोज वेळ साधारण पाऊण-एक तासाने पुढे सरकते. त्यामुळे उधाणाच्या दिवशी बेटं आणि खडक, भांगाच्या दिवशी पोहणं किंवा गाडी काढून लांब कुठेतरी, एवढं धरून चाललात तरी आठवडा आपोआप बसतो.

आता बेटं. तटबंदीच्या शहराला लागून बाँ सकूर नावाचा बीच आहे, तिथून ओहोटीला दगडी वाट उघडी पडते आणि ग्राँ बे नावाच्या बेटावर चालत जाता येतं. वर शातोब्रियाँ या फ्रेंच लेखकाची समाधी आहे, समुद्राकडे तोंड करून, त्यावर नावसुद्धा नाही. मुलांना समाधीचं काही पडलेलं नसतं, पण वाटेवरच्या डबक्यांमध्ये छोटे खेकडे, कोळंबीची पिल्लं, खडकाला घट्ट चिकटलेले शंख यात आमची पोरं इतकी रमतात की बेटावर पोचायलाच तास लागतो. त्याच्या पलीकडे पेती बे, त्यावर किल्ला. दुसऱ्या बाजूला फोर नास्योनाल, हा 1689 चा किल्ला, वोबाँ या फ्रेंच लष्करी इंजिनियरच्या आराखड्याचा, तोही ओहोटीलाच पायी गाठायचा. त्यावर फ्रेंच झेंडा फडकत असेल तर उघडा, नसेल तर बंद, मुलांना सकाळी खिडकीतून झेंडा शोधायला लावा.

इथे एक गोष्ट मात्र मी जोर देऊन सांगेन कारण मुलं बरोबर आहेत. पाणी परत येताना एकसारख्या वेगाने येत नाही. पहिल्या तासात जेमतेम चढतं, वाटतं अजून खूप वेळ आहे, आणि तिसऱ्या-चौथ्या तासात एकदम. 12 मीटरच्या भरतीला त्या मधल्या तासांत तासाला तीन मीटर पाणी चढतं. ग्राँ बेच्या वाटेवर ते दोन्ही बाजूंनी येतं, आधी दगडांच्या फटीत चमकायला लागतं, मग डावीकडची आणि उजवीकडची लाट वाटेच्या मधोमध भेटते आणि तेवढ्यात तुमची वाट गेलेली असते. म्हणून ओहोटी पूर्ण व्हायच्या आधी तास-दीड तास निघा, पाणी जात असताना जा, आणि पाणी फिरलं की परतायला लागा. अडकलातच तर पाण्यात उतरून पार करायचा प्रयत्न अजिबात करू नका, बेटावर थांबा, वाट पुन्हा उघडायला सहा तासांच्या आसपास लागतात पण बेट काही बुडत नाही. पाणी आणि खाऊ सॅकमध्ये ठेवाच.

पोहण्याबद्दल. पाणी गार आहे हो. जुलैत 17-18 डिग्री, आपल्या कोकणच्या सवयीने गेलात तर मुलं पाच मिनिटांत कुडकुडत बाहेर. मुलांसाठी वेटसूट घ्या, डेकॅथलॉनमध्ये मिळतात, आणि इथली पोरं घालतात त्या प्लास्टिकच्या पारदर्शक सँडल घ्या, खडकावर आणि शिंपल्यांवर पाय कापत नाहीत. लाइफगार्ड असतो तिथे लाल-पिवळ्या दोन झेंड्यांच्या मध्येच उतरायचं, आणि खांबावर हिरवा, पिवळा की लाल झेंडा आहे ते बघायचं, लाल म्हणजे पाण्यात जायचंच नाही. छोट्यासाठी माझी सगळ्यात आवडती जागा बाँ सकूरचाच समुद्राच्या पाण्याचा तलाव. 1930 च्या दशकात बीचवरच भिंत घालून बांधलाय, भरतीला समुद्र त्याच्यावरून जातो आणि ओहोटीला समुद्र लांब गेला तरी आत पाणी राहतं. लाटा नाहीत, ओढ नाही, कडेला उडी मारायचा उंच मनोरा, आणि इथली टीनएजर पोरं त्यावरून उड्या टाकत असतात ते बघायलाच तुमचा नऊ वर्षांचा तासभर बसेल. अर्थात डोळा ठेवायला लागतोच, कडेला पाणी खोल आहे.

तुम्ही विचारलंय बीचवर कंटाळतील का. मला नाही वाटत. सियाँ नावाचा मोठा बीच आहे, लांबच लांब, आणि त्याच्या वरच्या अंगाला लाटा फोडायला ओकच्या झाडांचे सुमारे 3000 बुंधे रांगेने रोवलेत, पोरं त्यांच्यामध्ये लपाछपी खेळतात. उधाणाच्या दिवशी संध्याकाळी वाळूचा किल्ला बांधायला लावा, पाण्यापासून बराच वर, आणि मग येणारं पाणी अडवायला चर खणायचा. माझी धाकटी भिंतीवर उभी राहून समुद्राला ‘थांब, थांब’ म्हणत हाताने वाळू थापत असते आणि मोठा मागच्या बाजूने गुपचूप दुसरी भिंत रचत असतो. जुलैत रात्री दहापर्यंत उजेड असतो त्यामुळे हे जेवल्यावरही जमतं.

शहराच्या तटावरून पूर्ण फेरी मारता येते, पावणेदोन किलोमीटर, फुकट. 1944 च्या ऑगस्टमध्ये लढाईत आतलं बहुतेक शहर जळून गेलं होतं, तट वाचले, आणि आतली घरं जुन्याच वळणाने परत बांधली, हे मोठ्याला सांगितलंत तर तो दगडांकडे वेगळ्या नजरेने बघेल. तटाच्या बागेत सुर्कूफचा पुतळा आहे, समुद्राकडे बोट दाखवणारा. हा सँ मालोचा कोर्सेअर, म्हणजे राजाच्या किंवा सरकारच्या परवान्याने शत्रूची जहाजं लुटणारा, आणि त्याने 1800 साली केंट नावाचं ईस्ट इंडिया कंपनीचं जहाज पकडलं ते आपल्या बंगालच्या उपसागरात. 1746 साली इंग्रजांकडून मद्रास घेणारा ला बूर्दोने, तोही याच गावचा. आपल्या मुलांना हे सांगताना मला दरवेळी छान वाटतं, कारण एवढ्याशा गावाच्या बंदरातून निघालेली माणसं थेट आपल्या किनाऱ्यावर आली होती.

तटावर आइस्क्रीम खाताना सीगल्सपासून सांभाळा. मागून येतात आणि हातातून कोन घेऊन जातात, लहान मूल घाबरून रडतं. भिंतीला पाठ लावून खायचं.

गाडी काढून जायच्या दिवसांमध्ये माँ सँ मिशेल, म्हणजे खाडीतल्या खडकाळ बेटावरचा जुना मठ, येणारच, तासाभराचं अंतर. पार्किंग बेटापासून अडीच किलोमीटर लांब आहे, तिथून शटल बस. स्ट्रोलर नेऊ नका, वर साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या. सकाळी अकरा ते चार तिथल्या एकुलत्या एका अरुंद गल्लीत मुलांना माणसांच्या कमरेशिवाय काही दिसत नाही, म्हणून आम्ही नेहमी चारनंतर जातो. मठात 18 खालच्या मुलांना तिकीट नाही, मोठ्यांचं ऑनलाइन काढून ठेवा. आत एक प्रचंड लाकडी चाक आहे, मठाचा तुरुंग केला होता त्या काळात कैद्यांना त्यात चालायला लावून खालून सामान ओढून घ्यायचे, आमच्या मुलांना अख्ख्या मठातलं तेवढंच लख्ख आठवतं. कोएफिसियाँ 110 च्या वर असेल तर बेट पाण्याने पूर्ण वेढलं जातं, असा दिवस मिळाला तर बाकी सगळं सोडून जा आणि भरतीच्या बरंच आधी पोचा. खाडीच्या वाळूत अनवाणी चालायच्या टूर असतात, त्या गाइडबरोबरच करा, स्वतःहून नको, तिथे रुतवणारी वाळू आहे आणि पाणी मागून येतं.

दुसरा दिवस काप फ्रेहेल आणि फोर ला लात. सत्तर मीटरचे कडे, जांभळं-पिवळं रान, आणि समुद्रात घुसलेल्या खडकावरचा चौदाव्या शतकातला किल्ला, दोन खंदकांवरून पूल ओलांडून आत जायचं, आत तोफेचे गोळे तापवून लाल करायची भट्टी. आपण सिंधुदुर्ग, विजयदुर्ग बघत वाढलेली माणसं, आपल्याला हा फार जवळचा वाटतो. कड्यावर धाकट्याचा हात सोडायचा नाही, कठडे सगळीकडे नाहीत.

समोरच्या काठावरच्या दिनार गावाला गाडीने जाऊ नका, तटाजवळून छोटी बोट जाते, दहा मिनिटं, पाच वर्षांच्या मुलाला तीच ट्रिप. परत कधीतरी राँस नदीच्या धरणावरून गाडी न्या. भरती-ओहोटीवर वीज बनवणारं हे केंद्र 1966 चं, 24 टर्बाइन, 240 मेगावॅट, रस्ता त्याच्यावरूनच जातो आणि बोटी जायच्या वेळी पूल उचलतात. बघायचं दालन फुकट आहे. आठवडाभर भरतीमागे धावलेल्या मुलाला ते पाणी काय करतं हे तिथे बरोबर कळतं. पाऊस पडला, आणि एखाद दिवस पडेलच, तर अॅक्वेरियम. तिथे गोल रिंगणासारख्या टाकीत शार्क तुमच्याभोवती फिरतात आणि छोट्या पाणबुडीत बसवून पाण्याखाली नेतात. पाऊस सुरू झाला की सगळं गाव तिथेच येतं, म्हणून सकाळी उघडताना गाठा.

कांकाल हे कालवांचं गाव, अर्धा दिवस पुरे. कालवं खाणारे असतील तर धक्क्यावरच्या स्टॉलवर डझनाने घ्यायची, लिंबू पिळून तिथेच बसून खायची आणि शिंपले खाली किनाऱ्यावर टाकायचे, टाकायला मुलांना द्या. ओहोटीला चिखलातून ट्रॅक्टर कालवांच्या शेताकडे जातात ते पाच वर्षांच्या पोराला बेहद्द आवडतं.

शाकाहारी लोकांची इथे उपासमार होत नाही. कुट्टूच्या पिठाचे मोठे पातळ गालेत सगळीकडे मिळतात, चीज, मशरूम, पालक घालून, अंडं चालत असेल तर अजून सोपं, फक्त ‘साँ जांबाँ’ म्हणा, म्हणजे हॅम नको. तव्याला काही ठिकाणी चरबी लावतात, कडक पाळणारं कोणी असेल तर विचारा. मुलांना साखर-बटरचं क्रेप. पण दुपारी दोननंतर बऱ्याच ठिकाणी किचन बंद होतं आणि संध्याकाळी सातच्या आधी उघडत नाही, ही वेळ भुकेल्या मुलांबरोबर फार अवघड जाते, म्हणून हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं घर घ्या, कुकर आणि डाळ-तांदूळ गाडीत टाका. अशी घरं जुलै-ऑगस्टमध्ये बहुतेक शनिवार ते शनिवारच देतात, तेव्हा सुट्टी तशीच टाका.

एका दिवशी एकच बाहेरचं ठिकाण, आणि सलग दोन दिवस गाडी काढायची नाही, एवढं पाळलंत तर मुलं खूश राहतील. तुमच्या तारखा ठरल्या की इथे कमेंटमध्ये टाका, त्या आठवड्यातली भरती-ओहोटी बघून बेटं कुठल्या दिवशी आणि माँ सँ मिशेल कुठल्या दिवशी ते सांगते.