मुलाखत कापली की धक्का का बसतो?

प्रश्न : मी बडोद्यात व्हिडिओ प्रॉडक्शन शिकते. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आजीची मुलाखत मोबाइलवर शूट केली. तिचं अडखळणं कापलं की प्रत्येक जोड खटकतो. काय करू?

उत्तर : एडिटिंगच्या पहिल्या वर्षी मलाही हेच छळायचं. आमच्या सरांनी मॉनिटर बंद करून नुसतं ऐकायला लावलं. तेव्हा कळलं, खटकतो तो बहुतेकदा आवाज! दोन वाक्यांमधली शांतता कधीच कोरी नसते. त्यात पंखा असतो, खालून जाणारी रिक्षा असते. म्हणून त्याच खोलीत, पंखा तसाच ठेवून, सगळ्यांना गप्प बसवून मिनिटभर नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करा आणि जोडांखाली अंथरा. पुढच्या शॉटचा आवाज चित्राआधी सुरू करूनही बघा. याला जे-कट म्हणतात. चित्रातला जोड झाकायला आजींचे हात, देवघर, अडकित्ता वेगळे शूट करा. आणि सगळंच अडखळणं कापू नका हं, एखादं नाव आठवताना त्या थांबत असतील तर तो थांबा मोलाचा आहे.

आणखी एक : मोबाइल बऱ्याचदा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं टिपायची ते, कमीजास्त करतो, त्यामुळे ओठ आणि आवाज हळूहळू सुटतात. सेकंदाला 30 फ्रेमने शूट केलं असेल तर व्हिडिओ आधी स्थिर 30 मध्ये बदलून घ्या, टाइमलाइनही (एडिटिंगमध्ये शॉट मांडायची पट्टी) 30चीच ठेवा.