एकाच मोठ्या ब्लॉकचा बेबी क्विल्ट जमेल का?

आरामात जमेल. (क्विल्ट म्हणजे गोधडीसारखं पांघरूण, आणि ब्लॉक म्हणजे तुकडे जोडून केलेला त्याचा नक्षीचा चौकोन.) हातात एकच आठवडा आहे आणि बारीक तुकडे जोडायचा कंटाळा येतो म्हणताय ना, मग अमेरिकन क्विल्टिंगमधला जुना चर्न डॅश ब्लॉक घ्या, नेहमी तो साधारण १२ इंचाचा करतात, तुम्ही ३६ इंचाचा करा, बस एका ब्लॉकमध्ये क्विल्टचा टॉप, म्हणजे वरचा थर, तयार.

हिशोब सोपा आहे, ३ बाय ३ म्हणजे नऊ घरं आणि प्रत्येक घर शिवून १२ इंच, म्हणून कापताना साडेबारा (शिलाई दोन्हीकडून पाव पाव इंच). मधला चौकोन एक. चार बाजूंच्या मधल्या घरांसाठी गडद-फिकी पट्टी जोडून, पट्टी साडेसहा बाय साडेबारा, दोन्ही रंगांच्या चार चार. कोपऱ्यांसाठी १३ इंचाचे २ गडद २ फिके चौकोन, सुलट बाजू समोरासमोर ठेवून जोडी लावा, कर्णरेषा आखा, रेषेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारा, मग रेषेवर कापा, दोन जोड्यांतून चार कोपरे मिळतात, ते साडेबाराला ट्रिम करायचे. तिरकी कड ताणली जाते, इस्त्री ओढू नका, नुसती दाबा.

मोठ्या प्रिंटचं कापड इथेच शोभतं, छोट्या ब्लॉकमध्ये हत्तीचं नुसतं शेपूटच दिसतं 😄

मागच्या बाजूला ४४ इंच पन्ह्याचं कापड जोड न देता पुरतं. फक्त टीपा जवळजवळ घाला, तुकडे मोठे असल्याने आतलं बॅटिंग (मधला भरावाचा थर) धुण्यात सरकू शकतं. मशीनवर नको असेल तर हाताने गोधडीसारखा धावदोरा घाला, माझ्या मते तोच जास्त छान दिसतो.