वाचकांचे प्रश्न : पिढ्यांना सालांची नावे का?

प्रश्न : स्पॅनिश साहित्याच्या इतिहासात ‘९८ची पिढी’ आणि ‘२७ची पिढी’ असे उल्लेख येतात. ही साले कशाची?

उत्तर : पहिले साल पराभवाचे आहे. १८९८ साली अमेरिकेशी झालेल्या युद्धात स्पेनने क्युबा, पोर्तो रिको आणि फिलिपीन्स गमावले, आणि ‘आपण नेमके कोण?’ हा प्रश्न उनामुनो, बारोहा, आसोरिन, मचादो या लेखकांना अस्वस्थ करू लागला. ‘९८ची पिढी’ हे नाव मात्र पुढे १९१३ साली आसोरिन यांच्या लेखांमुळे रूढ झाले. या लेखकांनी अलंकारिक भाषा बाजूला सारून मध्य स्पेनमधील कास्तिया प्रदेशाच्या उजाड माळरानात देशाचा चेहरा शोधला.

दुसरे साल एका कवीच्या स्मरणाचे आहे. सतराव्या शतकातील गोंगोरा हे दुर्बोध म्हणून उपेक्षित राहिलेले कवी. त्यांच्या निधनाला १९२७ साली तीनशे वर्षे झाली, तेव्हा लोर्का, आल्बेर्ती, गियेन आदी तरुण कवी सेव्हिलमध्ये एकत्र जमले. लोकगीतांची लय आणि अतिवास्तववादी, म्हणजे स्वप्नासारख्या तर्कापलीकडच्या, प्रतिमा यांचा त्यांनी घातलेला मेळ मला या इतिहासातील सर्वांत श्रीमंत टप्पा वाटतो.

स्पेनमधील यादवी युद्धाने दोन्ही पिढ्या उद्ध्वस्त केल्या. १९३६ साली लोर्कांची हत्या झाली. जानेवारी १९३९ च्या अखेरीस मचादो सरहद्द ओलांडून फ्रान्समधील कोलिऊर गावी पोचले आणि महिन्याभरातच वारले. त्यांच्या कोटाच्या खिशात चुरगळलेला एक कागद सापडला, त्यावर निळ्या दिवसांविषयी आणि बालपणीच्या उन्हाविषयी एक ओळ होती.