काँग्रेस एवढी जुनी, मग तिला स्वतःचं ऑफिस थेट २०२५ मध्ये कसं मिळालं? त्याआधी मुख्यालय कुठे होतं?

स्वतःची जागा होती हो, अलाहाबादला. अगदी सुरुवातीला म्हणाल तर ऑफिस हा प्रकारच नव्हता, दरवर्षी ज्या गावात अधिवेशन तिथे मांडव पडायचा. १८८५ चं पहिलं अधिवेशन खरंतर पुण्यात व्हायचं होतं पण कॉलऱ्याची साथ आली म्हणून ऐनवेळी मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात भरवलं. पुढे मोतीलाल नेहरूंनी अलाहाबादच्या आपल्या घराशेजारी नवीन बंगला बांधला आणि जुना १९३० मध्ये पक्षाला देऊन टाकला, तेच स्वराज भवन. स्वातंत्र्यानंतर कारभार दिल्लीत ७ जंतर मंतर रोडला आला.

मग सुरू झाली फाटाफूट, आणि दर फुटीला इंदिराबाईंनाच बाहेर पडावं लागलं. १९६९ ला फुटले तेव्हा जंतर मंतरची वास्तू जुन्या मंडळींकडे म्हणजे सिंडिकेटकडे राहिली. इंदिरा गांधींच्या लोकांनी मग ५ राजेंद्रप्रसाद रोडला बस्तान बसवलं, तर १९७८ च्या जानेवारीत परत फूट. आपल्याकडची जुनी माणसं अजून रेड्डी काँग्रेस आणि इंदिरा काँग्रेस म्हणतात ना, तीच ही. ब्रह्मानंद रेड्डी आणि आपले यशवंतराव एकीकडे, बाई दुसरीकडे, आणि बाईंकडे ना ऑफिस ना गायवासराचं चिन्ह, सत्ता तर आधीच गेलेली.

तेव्हा आंध्रचे खासदार जी. वेंकटस्वामी यांनी खासदार म्हणून मिळालेला आपला सरकारी बंगला पक्षाला वापरायला दिला. तोच २४ अकबर रोड. म्हणजे तात्पुरती सोय म्हणून घुसले आणि ४७ वर्षं राहिले, मागे खोल्या वाढवत वाढवत. पंजा हे चिन्हसुद्धा त्याच वर्षीचं. गंमत म्हणजे १९६० च्या दशकात तिथे ब्रह्मदेशाच्या राजदूत राहायच्या आणि त्यांची शाळकरी मुलगी म्हणजे आंग सान सू ची.

मी क्लासेससाठी दिल्लीत दोन वर्षं होतो तेव्हा बऱ्याचदा ऑटोने तिथून जायचो. बसका पांढरा बंगला, एवढ्या मोठ्या पक्षाचं ऑफिस वाटायचंच नाही. मागच्या बाजूला लागूनच १० जनपथ, मधल्या भिंतीत एक छोटं दार, त्यामुळे सोनियांना रस्त्यावर न येता ऑफिसात जाता यायचं. त्या दाराबद्दल ऑटोवाले मोठं रंगवून सांगायचे.

पण मला ते ऑफिस आठवतं ते दुसऱ्याच कारणाने. डिसेंबर २००४ मध्ये नरसिंह राव गेले, त्यांचं पार्थिव घेऊन आलेली गाडी २४ अकबर रोडच्या गेटबाहेर थांबली आणि गेट काही उघडलं नाही. जो माणूस पंतप्रधान आणि पक्षाध्यक्ष म्हणून पाच वर्षं तिथे बसला त्याला आत घेतलं नाही, थोडा वेळ वाट बघून गाडी एअरपोर्टला गेली आणि अंत्यसंस्कार हैदराबादला झाले. रामटेकमधून दोनदा खासदार झालेला, अस्खलित मराठी बोलणारा माणूस हो तो. मी काही त्यांचा भक्त नाही, पण हे मला अजून पटत नाही.

राहिला २०२५ चा प्रश्न. पक्षांनी सरकारी बंगले सोडायचे आणि सरकारने दिलेल्या प्लॉटवर स्वतःची ऑफिसं बांधायची असं ठरलं. काँग्रेसने २८ डिसेंबर २००९ ला, म्हणजे आपल्या स्थापनादिनी, पायाभरणी केली आणि उद्घाटन केलं १५ जानेवारी २०२५ ला. मध्ये सत्ता गेली, काम रखडलं. भाजपवाले उशिरा सुरू करून २०१८ लाच नव्या ऑफिसात राहायला गेले, तेही दीनदयाळ उपाध्याय मार्गावर. आता काँग्रेसचा प्लॉटही त्याच रस्त्याला लागून, मग लेटरहेडवर जनसंघाच्या दीनदयाळांचं नाव कोण छापणार? म्हणून मेन गेट दुसऱ्या बाजूला काढलं. या नव्या ऑफिसचा, म्हणजे इंदिरा भवनचा पत्ता ९ए, कोटला रोड.