फवारणीच्या औषधाची रोजची मर्यादा ठरते कशी?

प्रश्न (काटोल): इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक रोज अमुक इतके पोटात गेले तरी चालते, असा आकडा असतो म्हणे. तो माणसांवर तपासून काढतात काय?

उत्तर: मुख्यतः प्राण्यांवर. पांढऱ्या उंदरांच्या गटांना खाद्यातून कमी-जास्त मात्रा दोन-दोन वर्षे देतात. वजन, रक्त, यकृत, थायरॉइड असे सगळे तपासतात. ज्या सर्वांत मोठ्या मात्रेला अपाय दिसत नाही, ती धरतात. इमिडाक्लोप्रिडसाठी ती निघाली शरीराच्या दर किलोमागे रोज ५.७ मिलिग्रॅम.

तिला मग १०० ने भागायचे. माणूस उंदरापेक्षा नाजूक असू शकतो म्हणून १०, आणि लेकरू, गरोदर बाई, आजारी म्हातारा सगळे सारखे नसतात म्हणून आणखी १०. उत्तर ०.०५७, जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि कृषी संघटनेच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये ते ०.०६ धरले. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ३.६ मिलिग्रॅम, १५ किलोच्या लेकराला ०.९.

हा १०० काही प्रयोगातून निघालेला नाही. १९५४ मध्ये अमेरिकेतल्या लेहमन आणि फिट्झह्यू या शास्त्रज्ञांनी सुचवलेला तो सावधगिरीचा भागाकार आहे, आणि माझ्या मते तो चांगलाच टिकला. मात्र नवी माहिती आली की मर्यादाही बदलते. क्लोरपायरीफॉस या दुसऱ्या कीटकनाशकासाठी सुरक्षित मर्यादा ठरवताच येत नाही, असे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१९ मध्ये सांगितले.

प्रश्न (नरखेड): फवारलेली संत्री आठवडाभरात घरी खाल्ली. आता?

उत्तर: घाबरू नका. ही मर्यादा आयुष्यभर रोज खाण्याची असते. एखाद्या दिवशी ओलांडली म्हणून लगेच विषबाधा होत नाही. एका दिवसातल्या मोठ्या मात्रेसाठी वेगळा आकडा काढतात. पण तोड करताना लेबलवरचा प्रतीक्षा काळ (शेवटच्या फवारणीनंतर तोडीपर्यंत थांबायचे दिवस) पाळाच. फळावरच्या अवशेषांचा कायदेशीर आकडा वेगळा असतो, आणि खास आकडा नसेल तिथे आपल्याकडे साधारणपणे किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम लागू होतो. माल तिथेच अडकतो.

प्रश्न (सावनेर): फवारणाऱ्यालाही हीच मर्यादा का?

उत्तर: नाही, आणि खरी काळजी इथेच आहे. वरचा आकडा खाणाऱ्याचा. फवारणाऱ्याच्या अंगात औषध कातडीतून आणि श्वासातून जाते, त्याचा हिशेब वेगळा करतात, तोही हातमोजे वगैरे धरून. इमिडाक्लोप्रिड १७.८ एसएल या पाण्यात मिसळायच्या द्रव औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये सुमारे २०० मिलिग्रॅम औषध असते. कातडीतून सगळे आत जात नाही हे खरे, तरी उघड्या हाताने झाकणात मापणाऱ्याने हा आकडा वरच्या ३.६ मिलिग्रॅमशेजारी ठेवून पाहावा.

शिवाय मर्यादा एकेका औषधाची असते. एकाच पंपात तीन औषधे ओतली तर तिचा आधार घेता येत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते विसरू नका. डब्यावरचा हिरवा त्रिकोण, म्हणजे सर्वांत कमी विषारीपणाची खूण, हाही एकदम पोटात गेलेल्या किंवा कातडीवर पडलेल्या मात्रेचा धोका दाखवतो. रोजच्या संपर्काबद्दल तो काही सांगत नाही.

मोजताना हातमोजे घाला, मापाचा कप वापरा, वाऱ्याच्या दिशेने फवारा, डोक्याच्या वर वाढलेल्या कपाशीत शिरून फवारू नका. चक्कर, मळमळ, अंधारी वाटली तर पंप टाका, अंग साबणाने धुवा आणि दवाखान्यात जाताना लेबल असलेली बाटली सोबत न्या.