हाँगकाँगचे पहिले तीन दिवस: बंदराला धरून आखायचा बेत

ताई, आपला प्रश्न असा आहे की, प्रजासत्ताक दिनाला जोडून येणाऱ्या सुट्टीत भुसावळहून यजमान आणि सासूबाईंसह प्रथमच हाँगकाँगला जायचे आहे, सासूबाई माळकरी आहेत, त्यांना गुडघेदुखी आहे, तर तीन दिवसांत काय काय पाहावे आणि त्यातच समुद्रापलीकडचे शेजारचे शहर मकाऊ बसेल का. मकाऊ या खेपेस सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिकडे जाण्यायेण्यात आणि दोन्ही बाजूंच्या इमिग्रेशनच्या रांगांत एक अख्खा दिवस जातो, आणि खानदेशातून निघणाऱ्या माणसाकडे तेवढा दिवस शिल्लक नसतो. भुसावळ ते मुंबई रेल्वेचा प्रवास, विमानतळावर तीन तास आधी पोहोचणे, मग थेट विमान मिळाले तरी साडेपाच-सहा तास, आणि तिथले घड्याळ आपल्यापुढे अडीच तास, हे सारे धरले म्हणजे तीन दिवस फिरण्यासाठी रजा पाच दिवसांची टाकावी लागते.

सर्वांत आधी कागदपत्रे. भारतीय पासपोर्टधारकांना चौदा दिवसांपर्यंतच्या भेटीसाठी व्हिसा लागत नाही, परंतु २०१७ पासून निघण्यापूर्वी ऑनलाइन पूर्वनोंदणी करणे बंधनकारक आहे. ही नोंदणी हाँगकाँग सरकारच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर विनाशुल्क होते. शुल्क मागणारी जी संकेतस्थळे शोधात वर दिसतात त्यांच्या वाटेला जाऊ नये. तिघांची नोंदणी स्वतंत्र करावी, नाव आणि पासपोर्ट क्रमांक अक्षर न् अक्षर जुळवून पाहावा, आणि मंजुरीची चिठ्ठी कागदावर छापून जवळ ठेवावी. नोंदणी नामंजूर झाली तर रीतसर व्हिसाचा अर्ज करावा लागतो आणि त्याला आठवडे लागतात. म्हणून मंजुरी हातात येईपर्यंत परतावा न मिळणारे तिकीट किंवा हॉटेल घेऊ नये, हे मी कळकळीने सांगतो. उतरल्यावर पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एक लहान चिठ्ठी देतात. ती परतीपर्यंत सांभाळावी.

तारखा ठरवताना त्या वर्षी चिनी नववर्ष केव्हा येते तेही पाहावे. ते जानेवारीच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हाही पडते. त्या दिवसांत हॉटेले महागतात आणि पुष्कळ लहान दुकाने व खाणावळी बंद असतात. हवेच्या दृष्टीने मात्र जानेवारी उत्तम आहे. पाऊस कमी असतो, वादळांचा हंगाम सरलेला असतो, आणि थंडी आपल्याकडच्या पौषातल्या सकाळीइतकी असते; एक स्वेटर आणि सासूबाईंसाठी शाल पुरते.

आता मुख्य मुद्दा. हाँगकाँग हे शहर बंदरासाठी वसले. हाँगकाँग बेट आणि समोरच्या मुख्य भूमीचे टोक असलेले काउलून यांच्यामधल्या खोल, आडोशाच्या पाण्यासाठी इंग्रजांनी १८४१ मध्ये बेट घेतले, १८६० मध्ये समोरचा काउलूनचा किनाराही घेतला, आणि पुढे जे काही उभे राहिले ते या पाण्याच्या दोन्ही काठांवर. म्हणून पहिल्या भेटीचा बेत पाण्याला धरून आखावा, म्हणजे शहर आपोआप उलगडते. मुक्काम काउलूनच्या टोकाला, चिम शा चुई भागात करावा. तेथून धक्का चालत गाठता येतो आणि भारतीय जेवणही जवळ मिळते. खोल्या आपल्या कल्पनेपेक्षा फारच लहान असतात, तेव्हा तिघांसाठी खोली घेताना क्षेत्रफळ वाचून घ्यावे. चुंगकिंग मॅन्शन्स या जुन्या इमारतीत स्वस्त खोल्या असतात, पण तिथल्या लिफ्टपुढची गर्दी पाहता वयस्कर बाईंना घेऊन तिथे राहू नये. जेवायला मात्र खुशाल जावे.

पहिल्या दिवशी धक्क्यावरच्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून सुरुवात करावी. यजमान रेल्वेत आहेत, त्यांना हे आवडेल: १९१५ चा हा मनोरा म्हणजे काउलून-कँटन रेल्वेच्या जुन्या स्थानकाचा उरलेला भाग आहे, बाकीचे स्थानक १९७८ मध्ये पाडले गेले. शेजारूनच बंदर ओलांडून बेटावर नेणारी स्टार फेरी ही बोट सुटते. तिचे तिकीट अवघ्या काही हाँगकाँग डॉलरचे, प्रवास दहा मिनिटांचा, आणि माझ्या मते या शहरात पैशांच्या मोबदल्यात याहून मोठे काही मिळत नाही. ही सेवा दोराबजी नवरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थांनी सुरू केली. आपल्या माणसाने तिथे गेल्यावर हे नाव आठवावे असे मला मनापासून वाटते. त्याच परिसरातला मोडी रोड हा हाँगकाँग विद्यापीठाला मोठी देणगी देणारे होरमसजी मोडी यांच्या नावाचा आहे. फेरीने एकदा दिवसा आणि एकदा अंधार पडल्यावर जावे. रात्री आठला काउलूनच्या काठावरून समोरच्या इमारतींवरचा प्रकाशखेळ फुकट दिसतो. आधी जाऊन सासूबाईंना बसायला जागा धरावी.

पलीकडे उतरल्यावर दुमजली ट्राम घ्यावी. १९०४ पासून धावणारी ही गाडी सावकाश जाते, मागच्या दाराने चढायचे आणि पुढच्या दाराने उतरताना पैसे द्यायचे. गुडघ्यांना जपायचे असेल तर खालच्या मजल्यावर बसावे. भुयारी रेल्वेत स्थानके लांबलचक असतात आणि प्रत्येक फाटकापाशी लिफ्ट नसते, म्हणून लिफ्टचे फाटक कोणते ते नकाशात आधी पाहून ठेवावे. विमानतळावरच प्रत्येकी एक ऑक्टोपस कार्ड, म्हणजे आगाऊ पैसे भरून वापरायचे कार्ड, घ्यावे. रेल्वे, बस, ट्राम, फेरी आणि किराणा दुकानेही त्यावर चालतात.

हाँगकाँग बेटावरचा व्हिक्टोरिया पीक हा डोंगर आणि लांताऊ बेटावरची बुद्धमूर्ती, या दोन उंच जागांना दिवस आधीच बांधून टाकू नयेत. सकाळी खिडकीतून पाहावे आणि जो दिवस स्वच्छ असेल त्या दिवशी वर जावे, कारण ढग उतरले की पीकवरून काहीच दिसत नाही. डोंगरावर चढणाऱ्या पीक ट्रामच्या रांगेत उभे राहणे सासूबाईंना जमणार नाही, तेव्हा बेटावरच्या सेंट्रल भागातून पंधरा क्रमांकाच्या बसने चढावे. घाटातला तो रस्ताही सुंदर आहे. बुद्धमूर्ती ३४ मीटर उंच आहे आणि तिच्यापर्यंत २६८ पायऱ्या आहेत. त्या चढायचा आग्रह धरू नये, खालच्या चौकातूनही दर्शन पूर्ण होते. लांताऊवरच्या तुंग चुंग गावाहून मूर्तीकडे जाणारी ५.७ किलोमीटरची केबलकार आगाऊ आरक्षित करावी.

जेवणाबद्दल जपून राहावे. तिथल्या साध्या दिसणाऱ्या भाजीतही कालवांचे (शिंपल्यातल्या जिवांचे) सॉस किंवा डुकराची चरबी असू शकते, त्यामुळे फक्त मांस नको म्हणून भागत नाही. चिनी लिपीत लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवावी: मांस, मासे, कालवांचे सॉस, चरबी, अंडे काहीच नको. बुद्धमूर्तीजवळच्या पो लिन मठात निर्धास्तपणे शाकाहारी जेवता येते. डायमंड हिल येथील नान लियान बागेतले शाकाहारी उपाहारगृहही असेच भरवशाचे आहे, आणि लोखंडी खिळे न वापरता बांधलेला ची लिन मठ तिथेच शेजारी असल्याने तिसरी सकाळ तिकडे घालवावी. वांचाय भागातल्या गुरुद्वारात लंगर असतो. पहिल्या दिवसासाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घरून न्यावी, आणि पंचांग पाहून एकादशी मध्ये येत असेल तर राजगिऱ्याचे लाडूही बांधून घ्यावेत.

परतीच्या दिवशी दुपारनंतर काही ठरवू नये. विमानतळाची जलद रेल्वे हाँगकाँग स्थानकावरून सुमारे चोवीस मिनिटांत पोहोचवते. मुंबईत उतरल्यावर भुसावळच्या गाडीचे आरक्षण मात्र निदान पाच-सहा तास मोकळे सोडूनच करावे. विमानाला उशीर झाला तर सुटलेल्या गाडीचे पैसे परत मिळत नाहीत.