पार्किंगमधली निसरड: वाचकांचे प्रश्न

आमच्या व्यापारी संकुलाच्या मागच्या पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉकवर दर पावसाळ्यात शेवाळ धरतं. कामगार रोज धुतात, तरी दुचाक्या घसरतात. — सेक्रेटरी, वाशी

नुसत्या पाण्यानं धुतल्यानं शेवाळ मरत नाही, उलट त्याला ओल मिळत राहते. पाऊस उघडला की आधी कडक ब्रशनं कोरडंच घासून काढा. मग ब्लीचिंग पावडर पाकिटावर दिलेल्या प्रमाणात पाण्यात कालवून ओता, दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, पुन्हा घासा आणि मगच धुवा. कामगारांना हातमोजे, गमबूट, चष्मा द्यायलाच हवा. आणि हे सुपरवायझरला तोंडपाठ असू द्या: ब्लीचिंगबरोबर ॲसिड किंवा ॲसिडचं टॉयलेट क्लीनर कधीही वापरायचं नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. बंद बेसमेंटमध्ये तो जीवावर बेततो.

एवढं करूनही पंधरा दिवसांत शेवाळ परत आलं, तर पाणी कुठून येतंय ते शोधा. एसीची नळी जमिनीवरच सोडलेली असते, गच्चीचा पाइप चरात न जाता ब्लॉकवर रिकामा होतो, नाहीतर गाड्यांच्या भारानं ब्लॉक खचून डबकं झालेलं असतं. खचलेले ब्लॉक उचलून खालचा थर नीट दाबून भरा आणि चराकडे मीटरला किमान एक सेंटिमीटर उतार ठेवा. जेट मशीननं धुतलं असेल तर फटींमधली वाळू निघून जाते, ती परत भरा. नाहीतर ब्लॉक हलायला लागतात. ही दुरुस्ती मे महिन्यातली आहे. जुलैत पैसे मंजूर करून तिचा उपयोग नाही.

बेसमेंटच्या रॅम्पवर ‘सावकाश’चा बोर्ड आहे, तरी डिलिव्हरीची मुलं पडतात. — सुपरवायझर, घोडबंदर रोड

बोर्डानं जमीन खरखरीत होत नाही. रॅम्पवर आडव्या खाचा पाडून घ्या, किंवा क्वार्ट्झ वाळू मिसळलेलं अँटीस्किड कोटिंग करा. इपॉक्सीचा (चकचकीत रेझिनचा) गुळगुळीत थर रॅम्पवर नकोच. वर तोंडाशी आणि खाली पायथ्याशी जाळीचा चर हवा आणि तो साफही हवा. पहिल्या पावसात सर्वांत जास्त सांभाळा, कारण उन्हाळाभर साचलेलं तेल पाण्यावर तरंगून वर येतं. तेल सांडलं की लाकडाचा भुसा टाका, तो तेल शोषून घेईल, आणि लगेच झाडून काढा; ओला भुसाही घसरवतो. पायी येणाऱ्यांना रॅम्पवरून चालावंच लागू नये, त्यांना जिना दाखवा. घाईत असलेल्या त्या मुलांना वाट नीट करून देणं आपलं काम आहे.

माझा भाचा कॅनडात दुकानाचं पार्किंग सांभाळतो. तिथं बर्फावर मीठ टाकतात. शेवाळावर चालेल का? — ठाणे

नाही. मिठामुळे पाणी शून्याखालीही गोठत नाही, म्हणून तिथं त्याचा उपयोग. तोही साधारण उणे ९–१० अंशांपर्यंतच. त्याखाली मीठ फारसं चालत नाही, मग कॅल्शियम क्लोराइड लागतं. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्नच नाही. उलट मिठातलं क्लोराइड काँक्रीटमध्ये मुरून आतल्या सळ्या गंजवतं. तिकडच्या बहुमजली पार्किंगनाही त्याच मिठाचा त्रास होतो. तुमच्याकडे पोडियम, म्हणजे खालच्या मजल्याच्या स्लॅबवरचं पार्किंग असेल, तर तिथं एक मूठही नको.

आमच्या कोल्ड स्टोरेजच्या दारात, जिथं ट्रक लागतात, तिथं खरोखरच बर्फ धरतो. — तुर्भे

पावसाळी दमट हवा उघड्या दारातून आत शिरते आणि तिच्यातलं पाणी थंड फरशीवर गोठतं. तेव्हा दार उघडं राहण्याचा वेळ कमी करा. प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा अखंड ठेवा, कामात अडतात म्हणून कामगार त्या बांधून ठेवतात का ते पाहा. दाराचं रबर फाटलं असेल तर बदला, उंबरठ्यातली हीटरची तार चालू आहे का तेही तपासा. धरलेला बर्फ प्लॅस्टिकच्या खरवडणीनं काढून बाहेर टाका. त्यावर गरम पाणी ओतू नका, ते पुढे सरकून पुन्हा गोठतं आणि हातगाडी घेऊन येणारा माणूस नेमका तिथंच घसरतो.